लहान कोळी, म्हणून सोपा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टॅरँटुला या केसाळ कोळ्याच्या बुटक्या जाती नवशिक्यांना पाळायला सोप्या, हा सल्ला सर्रास दिला जातो. पूर्ण वाढलेल्या कोळ्यापुरता तो ठीक आहे. सायरिओकॉस्मस एलेगान्स या त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडच्या जातीची पूर्ण वाढलेली मादी पाय पसरूनही ४-५ सेंटिमीटरच भरते. १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा डबा आणि बिळासाठी १० सेंटिमीटर माती एवढ्यावर तिचे भागते. पण विकत मिळते ते बहुधा पिल्लू, आणि त्याचे अंग असते जेमतेम २ मिलिमीटर.

एवढ्याशा देहात पाण्याचा साठा तो किती! आकारमानाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्याने ते झपाट्याने सुकते. मोठा कोळी ज्या कोरड्या मातीत आठवडाभर निभावेल, तिथे पिल्लू दोन-तीन दिवसांत पाय आखडून पडू शकते. म्हणून छोट्या बरणीत ४-५ सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून भरावे. ओलावा मुठीत ढेकूळ होईल, पण थेंब गळणार नाही इतका. पुढे पाणी द्यायचे ते एका कडेने, ड्रॉपरने, तळापर्यंत झिरपेल असे. वरून फवारा मारला की पृष्ठभाग तेवढा भिजतो, काही तासांत वाळतो, आणि जाळे मात्र चिखलाने लडबडते. हवेची भोके टाचणीच्या टोकाएवढीच असावीत. पिल्लाच्या पाठीची ढाल ज्यातून जाईल, त्यातून अख्खे पिल्लू जाते.

खाद्याचीही तीच गत. दुकानातला सर्वांत लहान रातकिडासुद्धा पिल्लापेक्षा मोठा असू शकतो. स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक कीटक) किंवा न उडणाऱ्या फळमाश्या उत्तम. त्या नसल्या तर मीलवर्मचा (एका भुंग्याच्या अळीचा) बारीक तुकडा बिळाच्या तोंडाशी ठेवावा. मेलेले भक्ष्यही पिल्ले शोषून घेतात. तुकडा २४ तासांत काढावा, नाहीतर बुरशी आणि माइट (सूक्ष्म किडे) ठरलेले. जिवंत मीलवर्म सोडूच नये. तो मातीत घुसतो आणि कात टाकत असलेल्या, हालचाल न करू शकणाऱ्या कोळ्याला कुरतडतो.

बिळाचे तोंड बुजवून पिल्लू आठवडेच्या आठवडे दिसले नाही, तर बहुधा ते कात टाकण्याच्या तयारीत असते. इथे उकरून पाहण्याची घाई नडते. कात टाकल्यावर सुळे पांढरे, मऊ असतात. ते काळे होईपर्यंत, पिल्लांच्या बाबतीत साधारण ४-५ दिवस, खाणे देऊ नये.

बरणीखाली हीटिंग मॅट (ऊब देणारी विजेची चटई) नको. उकाडा झाला की कोळी खाली जातो, आणि खालीच तर ती तापलेली असते! खोलीचे तापमान २२ ते २७ अंश असले की पुरे.

शिवाय ही मंडळी चपळ. बरणी उघडावी ती मोठ्या टबात ठेवूनच. हातावर खेळवण्याचा मोह टाळावा. पोटावरचे खाजरे केस डोळ्यात गेले तर त्रास गंभीर होतो.

अशा जातींवर लेख छापताना प्रौढ मादीच्या मापाशेजारी पिल्लाचेही माप द्यावे, आणि जमल्यास नवख्यांना दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत वाढलेलाच कोळी घ्यायला सांगावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक