बारा काळांचा तक्ता आणि आमची भाची

संपादकसाहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता परत छापून आलाय. हाच तक्ता आम्ही शाळेत घोकला, आता आमची भाची घोकतेय. अगदीच फुकट आहे असं नाही म्हणत, रूपं कळतात त्यातनं, पण कुठलं रूप कधी घ्यायचं हे तो सांगतच नाही आणि घोडं तिथंच पेंड खातं.

परवा तिच्या वहीत वाक्य होतं, 'आय हॅड गॉन टू द लायब्ररी येस्टरडे'. त्याला लाल गोल, शेजारी 'सिंपल पास्ट', बास. ती म्हणते, मामा, मी गेलेच होते ना, मग चुकलं काय? आता तिचं तरी काय चुकलं, मराठीत 'काल लायब्ररीत गेले होते' म्हणजे जाऊन आले, विषय संपला, आणि नुसतं 'गेले' म्हटलं की ऐकणारा विचारतो, बरं मग? इंग्रजीतला 'हॅड' हे काम करत नाही, त्याला भूतकाळातलीच आणखी एक गोष्ट लागते, नंतर घडलेली. 'मी पोचले तोवर लायब्ररी बंद झाली होती', इथे 'हॅड क्लोज्ड', कारण बंद होणं आधी, पोचणं नंतर. नुसतं काल गेले होते, तर सरळ 'वेंट'. पाच मिनिटांत कळलं तिला.

'हॅव'चंही तसंच. 'पाहिलंय' म्हणजे 'हॅव सीन' हे ठीक, पण वाक्यात 'काल' आला की 'हॅव' गेलाच, तिथे 'सॉ'. आणि 'पाच वर्षं इथे राहतोय' याचं आपण बिनधास्त 'अ‍ॅम लिव्हिंग सिन्स फाइव्ह इयर्स' करतो, पाहिजे 'हॅव बीन लिव्हिंग फॉर फाइव्ह इयर्स'.

सगळ्यात गंमत 'आला'ची. 'तो आला की सांग', अजून आलेलाच नाही तरी मराठीत भूतकाळाचं रूप, इंग्रजीत 'व्हेन ही कम्स', म्हणजे वर्तमानाचं, आणि मुलं लिहितात 'व्हेन ही विल कम', कारण गोष्ट भविष्यातली आहे आणि तक्त्यात भविष्याला 'विल' आहे! (बाय द वे, क्रियापदाचंच रूप बदलून होणारे काळ इंग्रजीत दोनच, असं बरेच व्याकरणकार मानतात. 'विल' हा 'कॅन', 'मे' यांच्या जातीतला.)

अजून एक, 'आय जस्ट एट' लिहिलं म्हणून मार्क कापू नका हो, अमेरिकेत सर्रास चालतं ते, ब्रिटिश लोक जास्त करून 'आय हॅव जस्ट ईटन' म्हणतात.

तर पुढच्या वेळी त्या जागेत मराठी वाक्यं छापा, शेजारी इंग्रजी, आणि हेच रूप का ते एका ओळीत. सुरुवात 'आलोच'पासून करा, एक पाय बुटात असताना आपण ओरडतो ते. भाचीनं त्याचं 'आय केम' केलंय.

आपला,
एक जुना वाचक