‘मोफत’ म्हणजे नेमके किती?

‘सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचार’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या ‘आयुष्मान भारत’ या आरोग्य विमा योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना घेतले, हे चांगलेच झाले. हप्ताही भरावा लागत नाही. पण ‘मोफत’ या शब्दाने आमच्याकडे बराच घोळ होतो. पाच लाख माणशी नाहीत, कुटुंबाला वर्षाला आहेत; घरात आजी-आजोबा दोघे असले तर त्यातच दोघांचे. शिवाय खर्च भागतो तो योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर, आणि सुटी झाल्यानंतर १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा.

माझी आई ७८ वर्षांची. बीपी-शुगरच्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात, त्यावरच या योजनेचे कार्ड ठेवलेले. दर महिन्याला औषधाच्या दुकानात ती ते पुढे करते आणि दुकानदार हसून परत देतो. तपासणीला जळगावला जाताना तिला एसटी फुकट (ही सवलत मात्र खरोखर फुकट), माझे तिकीट पूर्ण. कार्ड वाटतानाच काय मिळणार नाही, तेही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे आणि तालुक्यातील योजनेतल्या रुग्णालयांची यादी शेजारी लावावी.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)