कुजलेल्या झालरीवर पीव्हीसी चढवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना संपत आला की तुमच्या पेपरात धोकादायक वाड्यांची बातमी येते, महापालिकेने किती नोटिसा दिल्या, किती वाडे उतरवले वगैरे. ती बातमी हवीच. पण एखादं जुनं घर त्या यादीत जाण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याची वळचण कुजायला लागलेली असते आणि त्याबद्दल कुणीच चार ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमचं घर एरंडवण्यातलं, दगडी जोतं, सागवानी वासे, वर मंगलोरी कौलं. छपराच्या कडेला वाशांची टोकं झाकणारी उभी झालर असते, कॉन्ट्रॅक्टर तिला फेशिया म्हणतात, आणि तिच्या मागे वळचणीला खालून फळ्या मारलेल्या असतात, ते सॉफिट. आमच्याकडे पश्चिमेच्या बाजूचं हे सगळं मऊ पडलं होतं, रंगाचे पापुद्रे सुटलेले, एका कोपऱ्यात तर फळी खाली लोंबायला लागली होती. जे जे कॉन्ट्रॅक्टर बघायला आले त्यातल्या बहुतेकांनी अंगणात उभं राहूनच रनिंग फुटाचा भाव सांगितला, म्हणे जुनं काढायची गरजच नाही, वरून पीव्हीसी पॅनेल मारून देतो, दोन दिवसांत काम, पुन्हा रंगाची कटकट नाही. शिडी मागितली नाही, पेचकस लावून बघितला नाही. आमच्याच गल्लीत एका घराला असं पॅनेल मारलेलं होतं, बाहेरून अगदी चकाचक, आणि ते काही वर्षांनी उघडलं तेव्हा आत झालर नावाला उरली होती आणि वाशांच्या टोकांचा भुसा झालेला, हाताने निघत होता. दात किडलाय आणि वर नुसती कॅप बसवली, असा हा प्रकार आहे आणि तो पुण्यात सर्रास चाललाय.

लाकूड वय झालं म्हणून कुजत नाही. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमाराचा, त्याच्या सज्जाचं सागवानी काम आजही रस्त्यावरून दिसतं. लाकूड कुजतं ते पाणी अडकल्यामुळे. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी लागते, तो त्याखाली राहिला तर कूज वाढत नाही. आता पुण्याचा जुलै आठवा, मोठा पाऊस थोडाच पण झिमझिम दिवसेंदिवस, वारा पश्चिमेकडून, ऊन नाही, म्हणजे भिजलेली फळी वाळायला वेळच मिळत नाही आणि त्यावर तुम्ही प्लॅस्टिकचं पॅनेल घट्ट बसवलंत तर ती उन्हाळ्यातही नीट वाळणार नाही. वाळवीला तर असा ओला अंधारच पाहिजे असतो.

म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. बऱ्याचदा झालरीत दोष नसतोच, छपराच्या कडेचं पाणी वाहून नेणारा पन्हळ पानांनी तुंबलेला असतो किंवा मधेच बसलेला असतो आणि पाणी मागच्या बाजूने फळीवर उतरत राहतं. पन्हळाला दहा फुटाला पाव इंच तरी उतार लागतोच. कधी शेवटच्या ओळीतलं कौल फुटलेलं असतं, कधी ती ओळ आखूड बसलेली असते म्हणून पागोळ्या पन्हळात न पडता थेट झालरीवर पडतात. हे न बघता नवीन फळी मारली तर पैसे पाण्यात, अक्षरशः.

आम्हाला शेवटी पेठेतले एक वयस्क सुतार मिळाले. त्यांनी आधी परांची बांधायला लावली, खालच्या दोन ओळी कौलं उतरवली आणि प्रत्येक वाशाच्या टोकात पेचकस खुपसून बघितला. वरवर चांगला दिसणारा वासा आतून पोकळ निघाला आणि काळा पडलेला एक वासा आत ठणठणीत निघाला, म्हणजे डोळ्याने काही कळत नाही हेच खरं. जिथे टोक गेलं होतं तिथे चांगलं लाकूड लागेपर्यंत कापलं आणि बाजूने तेवढ्याच जाडीचा जोडवासा बोल्ट मारून घेतला, सगळा वासा बदलावा लागला नाही. नवीन फळ्या बसवायच्या आधी चारही बाजूंनी आणि मुख्य म्हणजे कापलेल्या टोकांना प्रायमर लावला, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते टोकातून, आणि नेमकं तेच रंगारी सोडून देतात कारण फळी बसल्यावर ते दिसत नाही. स्क्रू गंज न धरणारे. आणि खालच्या फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवून तिला आतून बारीक जाळी मारली, म्हणजे छपराखाली हवा खेळती राहील आणि पाखरं आत घर करणार नाहीत.

लाकूड परवडत नसेल तर सिमेंट फायबर बोर्ड चालतो, पीव्हीसीसुद्धा चालतं, माझा मटेरियलला विरोध नाही. आधी कुजलेलं काढा, वाशांची टोकं दुरुस्त करा, हवेला वाट ठेवा आणि मग काय लावायचं ते लावा.

अजून एक, जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, लहान मुलं असतील तर अजिबात नाही. आपल्याकडे रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या थरांत किती शिसं असेल सांगता येत नाही. ओलं करून घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा. आणि वळचणीला जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक असे बारीक तंतू, असण्याची शक्यता मोठी, तो कटरने कापू नका, फोडू नका, ओला करून अख्खा उतरवा. कामगारांना चांगला मास्क द्या, ते मागत नाहीत म्हणून द्यायचा नाही असं करू नका.

वाड्यांमध्ये अडचण वेगळी आहे, तिथे मालक म्हणतो भाडं किती येतं बघा आणि भाडेकरू म्हणतो घर माझं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्तीची जबाबदारी मालकाची आहे, किमान १५ दिवसांची नोटीस देऊन वाजवी वेळेतही त्याने केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता महिना पन्नास-शंभर रुपये भाडं असलेल्या खोल्यांना त्या चतुर्थांशात काय येणार, परांचीचे बांबूसुद्धा येणार नाहीत. म्हणून कुणीच करत नाही, पन्हळ गळत राहतो, झालर पडते, मग वासा, मग भिंतीत पाणी, मग नोटीस.

तेव्हा माझी महापालिकेला विनंती आहे की पावसाच्या तोंडावर नोटिसा काढता तशी जानेवारी-फेब्रुवारीत, दुरुस्तीला हातात वेळ असताना, जुन्या घरांच्या छपरांची साधी पाहणी करा, आणि लाकूडकाम जाणणाऱ्या सुतारांची यादी वॉर्ड ऑफिसात लावा. असे सुतार अजून आहेत पण लोकांना ते सापडत नाहीत आणि कामं जातात पॅनेलवाल्यांकडे. तुम्हीही त्याच महिन्यांत यावर लिहिलंत तर बरं होईल, मे महिन्यात परांची बांधायलाही माणसं मिळत नाहीत.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे