बर्डीवरच्या फोटो स्टुडिओवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये डोरोथिया लँगच्या फोटोंचं प्रदर्शन उभं राहिलं ते तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायलाच हवं, म्हणून हे जाहीर पत्र.

लँग (१८९५–१९६५) अमेरिकेची. महामंदीत घरदार सोडून कामामागे फिरणाऱ्या शेतमजुरांचे फोटो तिने सरकारी कामात काढले, त्यामुळे ते आज कुणालाही मोकळेपणाने छापता येतात. फाइली मला सहज मिळाल्या. पुढचं सगळं तुमचं. फ्लेक्सचं नावही काढू दिलं नाहीत, मॅट कागद घ्यायला लावलात, आणि चेहरे उजळ करायला साफ नकार दिलात. "उन्हात रापलेला माणूस रापलेलाच दिसला पाहिजे," म्हणालात.

१९३६ ची ती 'मायग्रंट मदर', म्हणजे तंबूत पोरांना घेऊन बसलेल्या मजूर आईचा लँगचा गाजलेला फोटो, छापून आली, तेव्हा तुम्ही भिंग घेऊन खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलंत. तंबूचा खांब धरलेला एक अंगठा तिथे होता. लँगने तो पुढे निगेटिव्हवरून काढून टाकायला लावला, तरी त्याची पुसट छटा उरलीच. उभं आयुष्य ब्रश-पेन्सिलने रिटचिंग केलेल्या नजरेलाच ते दिसणार!

फोटोखालच्या ओळी मराठीत आणि ठळक हव्यात, हा आग्रहही तुमचाच. तो किती मोलाचा होता, ते हिंगण्याकडच्या वेचणीवाल्या बाया आल्या तेव्हा कळलं. १९३८ च्या कॅलिफोर्नियातल्या कापूस वेचणीच्या फोटोखाली लँगनेच टिपून ठेवलंय: शंभर पौंडांना, म्हणजे साधारण ४५ किलोंना, ७५ सेंट मजुरी, संपावरचे मजूर मागतात एक डॉलर, चांगला गडी दिवसाला दोनशे पौंड वेचतो. एकीने ते मोठ्याने वाचलं. लगेच बाकीच्यांचा हिशेब सुरू झाला, किलोमागे काय पडलं, आपल्याला काय मिळतं. मग पिशवीवर चर्चा. आपली ओटी पोटाशी, त्यांची लांबलचक पिशवी मागे ओढायची, मग कंबर कुणाची जास्त दुखत असेल? तासभर त्या तिथून हलल्या नाहीत. लँगवर मी लिहिलेलं पानभर टिपण कुणी वाचलं नाही, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

छपाईचे पैसे तुम्ही कागदापुरतेच घेतलेत, तेही मी विसरलेले नाही.

आता हे फोटो वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत लावायचे आहेत. गाडीत तुमची जागा ठेवली आहे, काका. भिंग तेवढं सोबत घ्या. पोरांना तो अंगठा तुम्हीच दाखवा.

तुमची,
वाचनालयातली ताई