मानपत्रात नावाची जागा कोरी असते, साहेब

प्रति,
मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा

विषय : ‘मानवसेवा’ पुरस्कारांच्या व्यासपीठावर आपली उपस्थिती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझं सोलापुरात छोटं दुकान आहे. मानपत्रं, स्मृतिचिन्हं, फ्लेक्स, निमंत्रणपत्रिका अशी कामं करतो. आपण ज्या व्यासपीठांवर मधल्या खुर्चीत बसता, तिथलं निम्मं सामान माझ्यासारख्यांच्या दुकानातून गेलेलं असतं. त्यामुळे हे पत्र पुरस्कारांच्या विरोधात आहे असं समजू नये. तसं लिहिलं तर मला घरातच कुणी जेवायला वाढणार नाही. माझी तक्रार एकाच प्रकाराबद्दल आहे. सत्तेतून उतरलेले, पण ज्यांच्या कारकिर्दीबद्दल लोकांच्या मनातले प्रश्न अजून मिटलेले नाहीत, अशा नेत्यांना मानवतेची सेवा केल्याबद्दल पुरस्कार दिले जातात, आणि ते आपल्या हस्ते दिले जातात.

आधी दुकानातलं सांगतो. ऑर्डर येते तेव्हा मजकूर क्वचितच सोबत येतो. ‘मॅटर तुमच्याकडं असंलच की, मागचंच घ्या, नाव तेवढं बदला.’ ‘दीनदुबळ्यांचे कैवारी’, ‘अनाथांचा आधार’, ‘मानवतेचे पुजारी’ हे सगळं कॉम्प्युटरात तयार असतं, नावाची जागा तेवढी कोरी. मी विचारतो, नेमकं काम कोणतं? कुठल्या गावात, कुठल्या साली, कुणाचं काय भलं झालं, दोन ओळी द्या. त्यावर उत्तर येतं, ‘एवढं कोण वाचतंय ओ!’ खरंच कुणी वाचत नाही. बिल मात्र नीट वाचलं जातं. ऑर्डर संस्थेच्या नावानं आणि पैसे भागवायला आलेला माणूस सत्कारमूर्तीच्या ऑफिसातला, असं माझ्या काउंटरवर एकापेक्षा जास्त वेळा झालंय. नावं लिहिणार नाही. मला इथं धंदा करायचाय, आणि मुद्दा नावांचा नाहीच.

हे लोकांना कळत नाही असा आपला समज असेल तर तो सोडून द्या. फ्रेममधलं मानपत्र काउंटरवर पॅकिंगची वाट बघत असतं, तेवढ्यात टॉवेलच्या कारखान्यातला एखादा कामगार मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला येतो. पत्रिका बाजूला ठेवून आधी मानपत्र वाचतो आणि म्हणतो, ‘काय की ओ, मानवता पण आता टेंडरनं निघू लागली वाटतं.’ दुकानातले सगळे हसतात. हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा फडकुले सभागृहात आपण बसलेले असता तेव्हा हे हसणं आपल्याला ऐकू येत नाही, कारण पुढच्या रांगा कार्यकर्त्यांनी भरलेल्या असतात.

हा प्रकार काही सोलापुरानं शोधून काढलेला नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या अमेरिकी शाखेनं ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना ‘ग्लोबल लेगसी’ पुरस्कार दिला. कारण खोटं नव्हतं. २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनइगल्सला जी-८ या बड्या देशांच्या गटाची बैठक झाली, गरीब देशांची कर्जं माफ करण्याचा आणि आफ्रिकेची मदत वाढवण्याचा निर्णय झाला, त्यात ब्लेअर यांचा पुढाकार होता. पण २००३ च्या इराक युद्धात सैन्य पाठवणारेही तेच. मुलांना वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेनं त्यांचाच गौरव करावा, हे तिच्याच लोकांना गिळवेना. सुमारे दोनशे कर्मचाऱ्यांनी पुरस्कार मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं, बाहेरच्या एक लाखाहून जास्त लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. मग लोकांनी आणखी खोदलं. संस्थेच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख पूर्वी ब्लेअर यांचेच सल्लागार होते, आणि ब्लेअर यांचे एकेकाळचे चीफ ऑफ स्टाफ तिच्या विश्वस्त मंडळावर होते. पुढच्या वर्षी त्या प्रमुखांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

आता यात सोलापूरकराला ओळखीचं काय वाटतं ते सांगतो. युद्धाचा भाग मोठा आहे, आमच्या इथल्या नेत्यांची त्याच्याशी तुलना करणं वेडेपणाचं होईल. ओळखीची वाटते ती बैठकव्यवस्था. देणारा, घेणारा आणि शिफारस करणारा हे तिघं एकेकाळी एकाच केबिनमध्ये चहा पीत होते.

जुनं उदाहरण हवं असेल तर १९७३ चं आहे. व्हिएतनामच्या शस्त्रसंधीसाठी नोबेल शांतता पुरस्कार अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डक थो यांना मिळून जाहीर झाला. शांतता अजून आलेलीच नाही, म्हणून थो यांनी तो नाकारला. निवड समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर किसिंजर यांनी पुरस्कार परत करायची तयारी दाखवली, तर समितीनं तो घेतला नाही.

मग माजी राजकारण्यांना कधीच पुरस्कार देऊ नये का? देऊ नये, असं मी म्हणणार नाही. जिमी कार्टर १९८१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले, निवडणूक हरून. त्यांना नोबेल मिळालं २००२ मध्ये. मधली वीस वर्षं ते निवडणुकांवर देखरेख, भांडणाऱ्या देशांमध्ये मध्यस्थी आणि नारू या रोगाच्या मागे लागणं यांत गुंतले होते. नारू म्हटल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या सत्तरीच्या माणसाला पायातून निघणारा तो लांब दोरा आठवेल, पायऱ्यांच्या विहिरी आठवतील. आपल्या देशानं नारूची मोहीम स्वतः चालवली आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. आफ्रिकेत मात्र कार्टर यांची संस्था मुख्य होती. १९८६ मध्ये जगात वर्षाला अंदाजे पस्तीस लाख लोकांना नारू व्हायचा, आता मोजक्याच रुग्णांना होतो. या माणसाच्या कारकिर्दीवरही टीका करणारे आहेतच. पण त्यांच्या मानपत्रात नाव बदलून दुसऱ्याचं घालता येणार नाही.

माझी कसोटी एवढीच आहे, साहेब. खुर्चीवर असताना सरकारी तिजोरीतून रस्ता झाला, दवाखाना झाला, पूरग्रस्तांना धान्य वाटलं, तर ते नेमून दिलेलं काम होतं. आमच्याच करातून झालेलं काम त्यांची व्यक्तिगत करुणा म्हणून आम्हालाच परत का दाखवायचं? सरकारलाही हे तत्त्व माहीत आहे. पद्म पुरस्कारांच्या नियमात डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर नोकरीत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना पुरस्कार मिळत नाही. (राजकारण्यांना तो नियम लागत नाही, हे वेगळं.) गाड्यांवरचे लाल दिवे २०१७ मध्ये गेले. दिवा गेल्यावर त्या माणसानं काय केलं, हे विचारायला काय हरकत आहे?

आणि एखाद्या वर्षी कुणी सापडलंच नाही, तर पुरस्कार देऊ नये. आफ्रिकेतल्या माजी राष्ट्रप्रमुखांसाठी मो इब्राहिम या उद्योजकानं २००७ पासून पुरस्कार सुरू केला. रक्कम पन्नास लाख डॉलर, दहा वर्षांत हप्त्यानं. अट अशी की नेता लोकांनी निवडलेला असावा आणि मुदत संपल्यावर मुकाट्यानं खुर्ची सोडलेला असावा. कितीतरी वर्षी त्यांच्या समितीनं सरळ जाहीर केलं की यंदा कुणी नाही. नोबेल समितीनंही १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्या वर्षी, हयात असलेली योग्य व्यक्ती नाही म्हणून शांतता पुरस्कार दिला नव्हता. आपल्याकडे मात्र हॉल बुक झालेला असतो, केटररला अॅडव्हान्स गेलेला असतो, त्यामुळे मानवतेचा सेवक सापडतोच.

अशा कार्यक्रमांत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव हमखास घेतलं जातं, त्याची मला विशेष चीड येते. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं महापालिकेनं स्मारक केलंय, आपण तिथं गेलाच असाल. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यातले ते एक. ते परत आले नाहीत, जपानशी लढणाऱ्या तिथल्या कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. त्यांच्या हाती ना सत्ता होती ना निधी. ‘कोटणीसांच्या भूमीत आज आणखी एका मानवसेवकाचा…’ असं सूत्रसंचालक म्हणतो तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या कुणालाही काही प्रश्न पडत नाही असं आपल्याला वाटतं का?

आपल्याबद्दल एक अडचणीचं बोलतो, राग मानू नये. पालकमंत्री म्हणून आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. आज ज्यांच्या गळ्यात आपण हार घालता, त्यांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या संस्थेच्या कामाचा प्रस्ताव उद्या त्याच समितीपुढे येऊ शकतो. ज्या अधिकाऱ्यानं तो प्रस्ताव तपासायचा, तो त्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असतो. बंदोबस्ताला पोलीस असतात, माहिती कार्यालयाचा फोटोग्राफर असतो. खासगी संस्थेचा घरगुती सत्कार आपण आल्यामुळे सरकारी होऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सत्कारमूर्तीची जुनी सगळी प्रकरणं धुतल्यासारखी दिसतात. आपण गेला नाहीत तर पुरस्कार होईलच, पण तो त्यांच्या त्यांच्यात होईल. त्याला कुणाची ना नाही.

म्हणून विनंती अशी. यापुढे अशा कार्यक्रमाचं निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी आपल्या कार्यालयानं आयोजकांकडून अर्ध्या पानाची माहिती लेखी घ्यावी आणि ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावावी. नाव कुणी सुचवलं, निवड कुणी केली, पद सुटल्यानंतरचं नेमकं कोणतं काम, सत्कारमूर्तीवर कोणती चौकशी किंवा खटला चालू आहे, आणि कार्यक्रमाचा खर्च कोण करतंय. कामाच्या रकान्यात ‘दीनदुबळ्यांचे कैवारी’ लिहिलं तर अर्ज अपूर्ण समजावा.

त्याचा नमुना मी तयार केला आहे, पत्रासोबत जोडतो. पहिल्या शंभर प्रती माझ्याकडून, बिल लावणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक मानपत्र छापणारा, सोलापूर