सूचना : मेलसोबतच्या ‘पी७एस’ फायलीबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार.

सांगली मार्केट यार्डातल्या निम्म्या गाळ्यांतून सध्या एकच फोन येतोय : “मेलला ‘एसमाइम डॉट पी७एस’ फाइल जोडलीय, उघडत नाही. व्हायरस आहे का?”

ती पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते. उघडायची नसते. मेल कुणाचा आणि वाटेत मजकूर बदलला का, हे मेलचा प्रोग्रामच तिच्यावरून तपासतो. त्याने ‘सही वैध’ म्हटलं तरच धरायचं. नुसतं फायलीचं नाव कुणीही देईल. मजकूर मात्र उघडाच असतो.

फायलीच्या नावाशेवटी ‘पी७एम’ असेल तर बहुधा अख्खा मेल कुलूपबंद आहे. तो तुमच्या खासगी किल्लीनेच, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या गुप्त कोडनेच उघडतो, त्यामुळे पुतण्याला फॉरवर्ड करून उपयोग नाही. कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी त्या किल्लीची प्रत काढून ठेवा. मी ठेवली नाही. हळदीच्या सौद्यांचे दोन वर्षांचे मेल समोर दिसतात, वाचता येत नाहीत. आणि मेलचा विषय सहसा कुलपाबाहेरच राहतो, तिथे दर लिहू नका.

सही खरी म्हणून सोबतची फाइल निर्धोक, असंही नाही. बँक खातं बदलल्याचा मेल आला तर आधी पार्टीला फोन, मग पैसे.

– सचिव