गाडी घेतली, वायरीविना

एडिसन, न्यू जर्सी
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटचं पान आधी उघडाल. गाडी घेतली. टोयोटाची रॅव-फोर, राखाडी रंगाची. साधी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवर चालता चालता स्वतःची बॅटरी स्वतःच भरणारी. तुम्ही सांगत होतात ती वायर लावून चार्ज करायची प्लग-इन नाही.

फोनवर सांगितलं नाही ते मुद्दामच. मनाविरुद्ध काही झालं की तुम्ही "बरं, आईशी बोल" म्हणता आणि फोन तिच्या हातात जातो. मग ती बिचारी तिकडे तुमचा चेहरा बघत इकडे माझ्याशी भाजीपाल्याचं बोलत बसते. पत्राचं तसं नाही. चष्मा लावा आणि पूर्ण वाचा. आई, तू चहा टाक. त्यांचा बिनसाखरेचा. "अर्धा चमचा चालतो" वगैरे ऐकायचं नाही.

तुमच्या वहीच्या पानांचे फोटो मी इथे प्रिंट काढून टेबलावर ठेवलेत. डावीकडे प्लग-इन, उजवीकडे साधी, मधे पट्टीने मारलेली रेघ आणि उत्तराखाली लाल पेनाच्या दोन रेघा, माझ्या गणिताच्या वहीत मारायचात तशाच. जावईसुद्धा म्हणाले, "शोरूममधल्या माणसापेक्षा बाबांचं स्वच्छ आहे." एकदा पूर्ण चार्ज केली की ४२ मैल निव्वळ विजेवर, माझं ऑफिस जाऊन-येऊन त्याच्या आतच, म्हणजे आठवडाभर पेट्रोलचा थेंब नको, लांब जायचं तर इंजिन आहेच. गणित चोख आहे. फक्त सगळ्यात वरती तुम्ही एक ओळ गृहीत धरलीत: "रात्री घरी चार्जिंग."

आमच्याकडे रात्री घरी चार्जिंग होत नाही, बाबा. तुम्ही पाहिलंयत, पार्किंग उघडं आहे, जो आधी येईल त्याची जागा. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडायची तुमची सूचना मी खरंच इथल्या अपार्टमेंटच्या ऑफिसात विचारली. ते हसले नाहीत, पण नियमांचा कागद हातात दिला. आणि खरं सांगा, पोफळीच्या वीजगृहाच्या कॉलनीत कुणी खिडकीतून अशी वायर सोडली असती तर तुम्ही त्याला सोडलं असतं का? इथल्या साध्या सॉकेटवर ती बॅटरी भरायला बारा तास लागतात. बारा तास, बर्फात, एक्स्टेन्शनवर. तुम्हीच येऊन फ्यूज काढून नेला असता.

क्लबहाउसपाशी दोन चार्जर आहेत, नाही असं नाही. त्यातला एक कायम बंद आणि दुसऱ्यावर कुणीतरी कायम असतं. तिथे युनिटला ३५ सेंट पडतात, वर गाडी भरल्यावर हलवली नाही तर दंड. आता तुमच्याच पद्धतीने मांडते. प्लग-इनला शंभर मैलांना ३६ युनिट लागतात, म्हणजे ४२ मैलांना १५. इथे जूनपासून विजेचे दर १७ ते २० टक्क्यांनी वाढले, त्यामुळे घरचं बिल सगळं धरून युनिटला २२ सेंटच्या आसपास जातं. घरच्या दराने ते १५ युनिट ३ डॉलर ३० सेंटचे, क्लबहाउसच्या दराने सव्वापाच डॉलरचे. साधी हायब्रिड गॅलनला ४० मैल देते, पेट्रोल गॅलनला ३ डॉलरच्या आगेमागे. तेच ४२ मैल ३ डॉलर १५ सेंटमध्ये. म्हणजे उद्या दाराशी सॉकेट मिळालं तरी आमच्या भागात विजेवर चालवून पैसे वाचतीलच असं नाही. ज्या माणसाने उभी हयात वीजगृहात काढली त्याला हे लिहून पाठवताना पेन अडखळतं, पण तुम्हीच शिकवलंत की आकडा आवडीचा नसला तरी खोडायचा नाही.

इथली वीजही कोयनेची नाही, बाबा. पाण्यावर जवळपास नाहीच. नैसर्गिक वायू आणि अणुभट्ट्या, मुख्य भार या दोघांवर. तेव्हा "स्वच्छ वीज" हा तुमचा तिसरा मुद्दा इथे अर्धाच लागू पडतो.

आणि चार्ज न करता प्लग-इन चालवली तर? चालते ना, हायब्रिडसारखीच चालते. पण तेव्हा ती गॅलनला ३८ मैलच देते, कारण साध्या गाडीपेक्षा दोनशे किलोहून जास्त वजन अंगावर वागवत असते. नळाला पाणी येत नसताना गच्चीवर दुसरी टाकी चढवण्यातला प्रकार. हे मी एकटी म्हणत नाही. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांमधल्या इंधनाच्या नोंदी काढल्या, तर प्लग-इन गाड्या कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट धूर सोडताना निघाल्या. लोक प्लग लावतच नाहीत, हे त्यातलं एक मोठं कारण. घ्यायच्या वेळी सगळे लावणार असतात.

शिवाय किंमत. दोन्हींच्या सुरुवातीच्या किमतीतच दहा हजार डॉलरच्या वर फरक आहे. सरकारची जी काही सवलत होती तीही ३० सप्टेंबरला संपली. वाचलेल्या पैशांतून तुमचं काही देणं लागत नाही, असं तुम्ही म्हणालच. ते आपण समोरासमोर भांडू.

आई, तू कंटाळली असशील. तुझ्यासाठी लिहिते. सीट उंच आहे, पण चढायला लागत नाही. दार उघडलं की सीट बरोबर कमरेशी येते, तशी टेकायची आणि पाय आत घ्यायचे. मी मापं घेताना तुझे गुडघे डोळ्यांसमोर ठेवले होते. म्हणूनच ती बुटकी प्रियस नाकारली, नाहीतर मायलेज तिचं कितीतरी जास्त आहे. पुढच्या सीटला गरम करायचं बटण आहे. कंबर धरली की लावायचं. मागे एसीची जाळी आहे, म्हणजे तुझा जीव घाबरा व्हायला नको. आलेपाक मात्र आण, तो इथे तुझ्यासारखा मिळत नाही. डिकी साधीचीच मोठी आहे, प्लग-इनची बॅटरी खाली असल्याने तिची थोडी कमी होते. तुझ्या बॅगा, भाजणीचे डबे, कोकमं, सगळं आडवं मावेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर दचकशील. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन बंद होतं. एकदम शांत. बंद पडली नाही, तशीच असते ती. आपल्या जुन्या व्हॅनसारखं खाली उतरून ढकलायला कुणाला बोलवायचं नाही. हळू जाताना ती बारीकसा हूं असा आवाज करते, तो पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून मुद्दाम दिलेला आहे. चिंगी मागच्या सीटवर त्यात सूर मिसळते.

आणि पाण्यात करंट उतरेल ही तुझी भीती. चिपळूणच्या २०२१ च्या पुरानंतर ती भीती का बसली हे मला सांगायला नको; वाशिष्ठीचं पाणी त्या रात्री कुठवर चढलं होतं ते आठवलं की मलाही अजून झोप लागत नाही. पण ही बॅटरी मागच्या सीटखाली बंद पेटीत असते, जाड केबली वेगळ्या नारिंगी रंगाच्या असतात, आणि काही बिघडलं तर आतली यंत्रणा स्वतःहून बॅटरी तोडते. तरी पाणी साचलं तर गाडी घालणार नाही. शपथ.

पेट्रोल भरायला मी थंडीत उभी राहते का, असं मागे विचारलं होतंस. नाही राहत. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने मनाई आहे, अख्ख्या अमेरिकेत हे एकच राज्य असं उरलंय. काच खाली करायची, माणूस येतो, भरतो. अगदी बहादूरशेख नाक्यासारखं.

बाबा, तुम्हाला ही गाडी चालवायला आवडली असती असं सारखं वाटतं. इथे वायव्येला डोंगराचे रस्ते आहेत. परवा उतारावर पाय काढला, तर इंजिन बंद, काटा शून्यावर, आणि पडद्यावर बाण उलटे फिरून बॅटरीकडे जायला लागले. चाकं मोटर फिरवत होती. मला एकदम कुंभार्ली घाट आठवला. पाटणहून येताना तुम्ही माथ्यावर स्कूटरचं इंजिन बंद करायचात, मी पुढे उभी, हँडलला धरून, आणि मग नुसता वारा आणि टायरचा आवाज. आई मागून ओरडायची, "अहो, चालू करा!" आणि तुम्ही म्हणायचात, "पेट्रोलला पैसे पडतात." त्या उतरणीतली सगळी ताकद तुम्ही ब्रेकच्या पट्ट्यांवर घासून घालवलीत, एवढंच. ही तेवढी परत डब्यात भरते. पोफळीच्या बोगद्यात मला नेलं होतंत तेव्हा टरबाइनच्या घरघरीने माझे तळपाय झिणझिणत होते आणि मी तुमच्या पँटचा खिसा सोडत नव्हते, आठवतंय? "पाणी खाली येतं, त्याची वीज होते, घाबरायचं काय त्यात?" त्या दिवशी मला जे समजलं त्यावर माझं फिजिक्स निघालं.

आता ते दुसरं. तुमच्या वहीत शेवटी कंसात बारीक अक्षरात आहे: "(घर घेतल्यावर गॅरेजमध्ये चार्जर बसवता येईल.)" मी ते वाचलंय, बाबा. आणि तुम्ही प्लग-इनचा एवढा आग्रह का धरलात तेही कळलंय.

घर आत्ता घेत नाही आहोत. ऑक्टोबरमध्ये भाड्याचा करार पुढे वाढवला. कर्जाचा दर सहा टक्क्यांच्या वर आहे, हे एक. आणि ग्रीन कार्डची रांग. आमच्या अर्जाच्या वर्गात भारतीयांचे २०१३ चे अर्ज आता कुठे हातात घेतायत, आमचा नंबर त्याच्या पुष्कळ मागे. टीव्हीवर नोकरीच्या व्हिसाला लावलेल्या लाख डॉलर फीचं ऐकून तुम्ही रात्री जागे राहिलात असं आई म्हणाली. ते बाहेरून नव्याने येणाऱ्यांसाठी आहे, आमचं चालू आहे तसं चालू आहे, नोकऱ्या शाबूत आहेत, जेवणखाण व्यवस्थित आहे. फक्त तीस वर्षांचं कर्ज अंगावर घेऊन भिंतीत चार्जर बसवावा इतकी आमची मनं अजून इथे घट्ट झालेली नाहीत. याचा अर्थ आम्ही परत येतोय असा लगेच काढू नका. आई, तू तर मुळीच काढू नकोस, आणि मावशीला सांगू नकोस. याचा अर्थ नाही येत असाही नाही. सध्या हलवता येईल एवढंच सामान ठेवायचं, असं आमचं ठरलंय. घर झालं असतं तर तुम्हाला खालच्या मजल्यावर स्वतःची खोली मिळाली असती, जिना चढावा लागला नसता, हे मला कळतं. या वेळी तळमजल्याचा ब्लॉक मागून ठेवलाय. एप्रिलपर्यंत रिकामा होईल असं ऑफिसवाली म्हणाली आहे. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून देणार आहेत. इडलीपात्र आणि तुमचा पाट इथेच ठेवलाय.

आता ऐका. एक, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला स्टुलावर चढायचं नाही. चाळीस वर्षं बॅटऱ्या पाहिल्या असतील, पण त्या वेळी गुडघे तिशीतले होते. खालच्या मजल्यावरच्या मुलाला मी सांगितलंय, तो रविवारी येईल. त्याला शिकवा, ओरडू नका. डावा डोळा जानेवारीच्या आत करून घ्या, "उजव्याने भागतंय" हे डॉक्टरांना ठरवू द्या. तोवर अंधार पडल्यावर ॲक्टिव्हा काढायची नाही, बाजारपेठेत तर नाहीच. किल्ली आईकडे. आई, तू तुझी बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडतेस हे मला माहीत आहे, कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तिकिटं मे महिन्याची बघतेय. त्याआधी विम्यासाठी दोघांचे रिपोर्ट लागतील, ते फोटो काढून पाठवा, आडवे, पूर्ण कागद दिसेल असे.

मी फार बोलले का? रागावू नका. वही तुमचीच बरोबर होती, पत्ता आमचा वेगळा पडला. चिंगी आजोबांना विचारतेय की उतारावर बाण उलटे का फिरतात. मी सांगितलं, पण तिला ते तुमच्याकडूनच हवंय. रविवारी सकाळी तुमच्या साडेसातला फोन करते, तेव्हा आईकडे द्यायचा नाही.

तुमची,
बबडी

ता. क. बाबा, तुम्ही विचारण्याआधीच: बॅटरीची वॉरंटी १० वर्षं किंवा दीड लाख मैल, जे आधी होईल ते. स्टार्टर आणि अल्टरनेटर या गाडीला वेगळे नाहीतच, दोन्ही कामं मोटरीच करतात, म्हणजे बेल्ट तुटायचाही प्रश्न नाही. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीला हवा घेणारी जाळी आहे; तिची गाळणी वेळच्या वेळी झाडून घ्यावी लागते. ते काम तुमच्यासाठी मेपर्यंत ठेवते.